कपाटात ठेवलेला रिपोर्ट

वाचकाचे पत्र (गोषवारा)

डिचोली तालुक्यातील एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्यातला मुख्य भाग येथे देत आहे.

त्यांच्या यजमानांचे वय ५७. पूर्वी खाणीवर नोकरी होती, आता गावातच छोटे दुकान आहे. मधुमेहाला बारा वर्षे झाली. साखरेची गोळी ते कधी चुकवत नाहीत आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा ६.८ आहे. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातले क्रिएटिनिन १.० आहे. रक्तदाब मात्र बऱ्याचदा १५०/९० च्या आसपास असतो. यंदा नव्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करायला सांगितली. नमुना शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी दिला, आणि आकडा आला १४८. बाई रिपोर्ट घेऊन एकट्याच डॉक्टरांना भेटल्या. तपासणी पुन्हा करा, यजमानांना घेऊन या, असे डॉक्टरांनी सांगितले आणि टेल्मिसार्टन (रक्तदाबाची) व डापाग्लिफ्लोझिन (मधुमेहाची) या दोन गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवडे झाले, रिपोर्ट आणि चिठ्ठी दोन्ही कपाटात साड्यांखाली आहेत. यजमानांचे थोरले बंधू दोन वर्षे डायलिसिसवर राहून गेले, आणि ‘गोळ्या खाऊन खाऊनच दादाच्या किडन्या गेल्या’ असे यजमान ठामपणे मानतात. पुण्यातला मुलगा रोज नव्या संशोधनाच्या बातम्या पाठवतो आणि वडिलांना आठवड्याचे इंजेक्शनच द्यायला हवे म्हणतो. नणंद कुठलासा काढा देते आहे.

बाईंचे प्रश्न तीन आहेत. साखर ताब्यात असताना हे झालेच कसे, की रिपोर्टच चुकला? यजमानांना न सांगता नव्या गोळ्या रोजच्या डबीत घालून दिल्या तर चालेल का? आणि मुलाचे ऐकावे, की डॉक्टरांचे, की नणंदेचे?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात आकड्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे आणि एक गोष्ट तिसऱ्या पानावर कंसात, एका ओळीत आली आहे. यजमान श्री लईराईचे धोंड, म्हणजे व्रत पाळून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, आहेत, जत्रेहून परतल्यावर त्यांच्या उजव्या टाचेजवळ फोड दिसला, ‘पण त्यांना पत्ताही नव्हता, दुखतही नव्हता, म्हणून लक्ष दिले नाही’. मी हे वाक्य दोनदा वाचले. १४८ या आकड्यापेक्षा मला त्या न दुखणाऱ्या फोडाची अधिक काळजी वाटते, म्हणून तुमच्या तिन्ही प्रश्नांआधी त्याविषयी लिहितो.

टाचेवर फोड आलेला माणूस लंगडतो, हळू पाय टेकतो, चप्पल बदलतो. दुखणे हे शरीराने दिलेले संरक्षण आहे. बारा वर्षांच्या मधुमेहात पायाच्या टोकाकडच्या नसा हळूहळू मंदावतात आणि हे संरक्षण निघून जाते. मग खडा रुततो, निखारा भाजतो, आणि माणूस त्याच पायावर दिवसभर दुकानात उभा राहतो. मधुमेहात पाय गमावण्याची सुरुवात बऱ्याचदा अशाच न दुखलेल्या जखमेने होते. यावरची तपासणी अगदी साधी आहे. मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. तो दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळपायावर ठरावीक ठिकाणी तो टेकवायचा आणि ‘लागले का’ एवढेच विचारायचे. माझ्या दवाखान्यात खुर्चीवर निवांत बसलेली कितीतरी माणसे मी पाहिली आहेत, ज्यांच्या अंगठ्याखाली धागा पूर्ण वाकला तरी ती ‘सुरू करा ना डॉक्टर’ म्हणत होती. या तपासणीबरोबर पायाच्या नाड्याही चाचपून घ्याव्या लागतात, कारण रक्तपुरवठा कमी असेल तर जखम भरत नाही.

तेव्हा या आठवड्यात पायाची तपासणी झालीच पाहिजे. फोडाची जागा अजून ओली असेल, भोवती लाली किंवा सूज असेल, वास येत असेल, कातडी काळपट दिसत असेल किंवा अंगात ताप असेल, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. म्हापशाचे वा मडगावचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल तेथे.

व्रताविषयीही मोकळेपणाने लिहितो, कारण तुम्ही विचारले नसले तरी प्रश्न तोच आहे. धोंडपण हा त्यांच्या आयुष्याचा भाग आहे आणि ते सोडा असे मी म्हणणार नाही. मात्र तपासणीत पायाची जाणीव गेल्याचे दिसले, तर माझे मत स्पष्ट आहे: सोवळे पाळावे, तळीत स्नान करावे, वेताची काठी हाती घेऊन देवीपुढे उभे राहावे, पण निखाऱ्यांवर पाय ठेवू नये. पुढच्या वैशाखाला अवकाश आहे, तेव्हा हे बोलणे आतापासून हळूहळू सुरू करता येईल. एखादा जुनाजाणता धोंड त्यांच्याशी बोलला तर ते तुमच्या किंवा माझ्या सांगण्यापेक्षा लवकर पटेल.

आता रिपोर्टकडे येऊ. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून टाकाऊ द्रव्ये बाहेर जातात आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिने रक्तातच राहतात. वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब यांच्या माऱ्याने गाळणीची जाळी सैल झाली की अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागते. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन हे सामान्य, ३० ते ३०० ही मधली पायरी, आणि त्यापुढे गंभीर. तुम्ही ज्यावर विसंबलात ते क्रिएटिनिन फार उशिरा बोलते. मूत्रपिंडाचे निम्म्याच्या आसपास काम गेले तरी ते पुष्कळदा सामान्य मर्यादेच्या कडेलाच रेंगाळत असते. यजमानांचे वय आणि १.० हा आकडा धरला तर गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ऐंशीच्या वर येतो. तो चांगला आहे. म्हणजे जाळी सैल झाल्याची शंका आहे, पण काम अजून चालू आहे. उपचाराचा सर्वांत जास्त उपयोग होतो तो याच टप्प्यावर, आणि तुमच्या नव्या डॉक्टरांनी ही तपासणी आठवणीने सांगितली याबद्दल मी त्यांचे आभार मानतो.

रिपोर्ट चुकला का, हा तुमचा प्रश्न मात्र अगदीच गैर नाही. जोरदार श्रम, ताप, लघवीतला संसर्ग, फार वाढलेला रक्तदाब यांमुळेही अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. उपवास, वैशाखातले ऊन, रात्रभराचे जागरण आणि तिसऱ्या दिवशी दिलेला नमुना हे पाहता एकट्या या आकड्यावर मी शिक्कामोर्तब करणार नाही. नियमही तसाच आहे: तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली तरच निदान पक्के मानतात. सकाळची पहिली लघवी, साध्या दिवसांतली, ताप-श्रम नसताना द्यावी. पण म्हणून सहा महिने काहीच करायचे नाही असे नाही, कारण १५०/९० हा रक्तदाब पुन्हा तपासणी न करताही जास्तच आहे.

साखर ताब्यात असताना हे कसे झाले, यामागे एक समज आहे जी गोव्यातल्या घराघरांत आढळते: साखरेचा आकडा चांगला, म्हणजे मधुमेह जिंकला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आपल्या गोव्यात, २६.४ टक्के, आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. इतक्या मोठ्या संख्येने लोक हा आजार घेऊन जगत असताना ही समज दुरुस्त होणे फार गरजेचे आहे. ब्रिटनमधल्या ज्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले, त्यात नव्याने मधुमेह झालेल्यांचा एचबीए१सी एका गटात ७.९ तर कसून उपचार केलेल्या गटात ७.० राहिला, आणि दुसऱ्या गटात डोळे-मूत्रपिंडे यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती एक चतुर्थांशाने कमी झाल्या. एक चतुर्थांश कमी होणे ही मोठी गोष्ट आहे, पण याचा अर्थ असाही की बाकीच्या उरल्या. त्याच अभ्यासात रक्तदाब कसून आटोक्यात ठेवलेल्यांमध्ये ही घट ३७ टक्के होती. म्हणजे यजमानांनी साखरेची बाजू बारा वर्षे प्रामाणिकपणे सांभाळली, ती वाया गेलेली नाही. फक्त दुसरी बाजू उघडी राहिली. शिवाय दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सापडतो त्याआधी काही वर्षे तो शरीरात असतोच, त्यामुळे तुमची बारा वर्षे प्रत्यक्षात अधिक असू शकतात.

मग साखर आणखी खाली आणावी का? नाही. दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत एचबीए१सी सहाच्या खाली ढकलण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या गटात मृत्यू वाढल्यामुळे २००८ मध्ये तो भाग थांबवावा लागला. ६.८ उत्तम आहे. तो तसाच राहू द्या.

‘गोळ्यांनी किडन्या जातात’ या समजुतीबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण तिच्यामागे एका भावाचे दुःख आहे आणि दुःखाशी वाद घालून उपयोग नसतो. थोरल्या बंधूंच्या बाबतीत काय घडले ते मला ठाऊक नाही. पण ज्यांच्या लघवीतले अल्ब्युमिन कधी तपासलेच गेले नाही, ज्यांचा त्रास क्रिएटिनिन वाढल्यावरच कळला आणि ज्यांना गोळ्यांची थप्पी त्याच वेळी सुरू झाली, अशा घरांत गोळ्या आणि ऱ्हास एकदमच दिसू लागतात, आणि गोळ्यांनाच कारण मानले जाते. या समजुतीला बळ देणारी एक खरी गोष्टही आहे. टेल्मिसार्टन ज्या गटातले आहे त्या गोळ्या, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्याही, गाळणीच्या आतला वाढलेला दाब उतरवतात. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढते. ती वाढ मर्यादेत असेल, टेल्मिसार्टनच्या बाबतीत साधारण तीस टक्क्यांच्या आत, तर तो औषध काम करत असल्याचा भाग असतो. पण हे आधी कोणी सांगितले नाही तर घरचे घाबरतात आणि ज्या गोळीने मूत्रपिंड वाचायचे तीच बंद करतात. म्हणून टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचे असते. डॉक्टरांकडून ती तारीख चिठ्ठीवरच लिहून घ्या.

मूत्रपिंडाला खरोखर धोका देणाऱ्या गोळ्या वेगळ्याच आहेत, आणि त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतात. गुडघा किंवा कंबर दुखली की दुकानातून आणली जाणारी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन ही त्यांतली मुख्य. यजमानांच्या दुकानाच्या गल्ल्यात अशी पट्टी आहे का, ते पाहा. नणंदेच्या काढ्याविषयीही एवढेच विचारतो: त्यात काय आहे ते तिला सांगता येते का? सांगता येत असेल तर ती यादी डॉक्टरांना दाखवा. येत नसेल तर देऊ नका, कारण काही वनस्पती आणि काही भस्मांतले जड धातू मूत्रपिंडाला थेट इजा करतात. नणंदेची माया खरी आहे, पण औषधाला मायेबरोबर घटकांची नावेही लागतात.

आता मुलाविषयी. तो वडिलांसाठी वाचतो आहे, त्याला उडवून लावू नका. त्याने पाठवलेले संशोधन खोटे नाही. मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या उपचारात २००१ नंतर, म्हणजे टेल्मिसार्टनच्याच गटातल्या लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या चाचण्यांनंतर, जवळजवळ दोन दशके फार काही हाती लागले नव्हते. मग २०१९ मध्ये ४,४०१ रुग्णांवरच्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिनच्याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होणे आणि तत्सम घटना तीस टक्क्यांनी कमी केल्या. साध्या भाषेत, दर हजार रुग्णांमागे वर्षाला ६१ ऐवजी ४३ जणांवर ती वेळ आली. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनने, मधुमेह नसलेल्यांतही, ३९ टक्क्यांची घट दाखवली. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे मुलाच्या आठवड्याच्या इंजेक्शनच्या, चाचणीत घट २४ टक्के होती. मी पदवी घेतली तेव्हा यातले काहीच आमच्या हाती नव्हते, आणि हे आकडे लिहिताना मला मनापासून समाधान वाटते.

पण प्रत्येक बातमीला एक प्रश्न विचारायला मुलाला शिकवा: या चाचणीत बाबांसारखा माणूस होता का? इंजेक्शनच्या चाचणीत ज्यांच्या गाळण्याचा वेग आधीच ७५ च्या खाली उतरला होता असे लोक घेतले होते. यजमान त्यात बसलेच नसते. कॅनाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत अल्ब्युमिन ३०० च्या वर, आणि डापाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत किमान २०० असावे लागत होते. २०२५ मधल्या एका चाचणीत फिनेरेनोन हे मूत्रपिंडासाठीचे औषध आणि डापाग्लिफ्लोझिनच्या गटातले एम्पाग्लिफ्लोझिन एकत्र सुरू केल्यावर अल्ब्युमिन एकेकट्या औषधापेक्षा सुमारे तीस टक्के अधिक उतरले. तिथे १०० पासूनचे रुग्ण होते, म्हणजे अल्ब्युमिनच्या आकड्यापुरते यजमान बसले असते. पण त्यात १८० दिवसांनंतरचे अल्ब्युमिन मोजले होते, डायलिसिस टळले की नाही ते नाही. म्हणून पहिला टप्पा रक्तदाब टेल्मिसार्टनने उतरवणे आणि आकडा पक्का करणे. पुन्हा तपासणीत तो वाढलेलाच आला तर डापाग्लिफ्लोझिन देणे हे आजच्या मार्गदर्शक सूचनांना धरून आहे, आणि डॉक्टरांनी ते आधीच लिहिले यात मला चूक दिसत नाही. इंजेक्शनची गरज पुढे पडलीच तर तेव्हा पाहता येईल. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या काही गोळ्यांची पेटंटे संपल्यामुळे त्या आपल्याकडे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वस्त झाल्या आहेत, त्यामुळे खर्चासाठी थांबू नका.

राहिला डबीचा प्रश्न. न सांगता गोळ्या घालू नका, ताई. हे मी केवळ नीतीसाठी म्हणत नाही. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर टाकते. असा माणूस कडक उपवास करू लागला, किंवा उलट्या-जुलाबांनी त्याचे खाणेपिणे थांबले, तर रक्तात कीटोन आम्ले साचू शकतात आणि त्या वेळी साखरेचा आकडा जवळजवळ ठीकच दिसतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि गोळी चालू आहे हे रुग्णालाच माहीत नसेल तर तो डॉक्टरला ती सांगणार तरी कशी? धोंडाचे व्रत करणाऱ्या, एकादशी पाळणाऱ्या माणसाला ही गोळी त्याच्या नकळत देणे धोक्याचे आहे. उपवास किंवा शस्त्रक्रिया असेल तर ती किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे लागते. शिवाय जननेंद्रियाच्या जागी खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. रोज स्वच्छ धुऊन कोरडे ठेवल्याने तो बराच टळतो, पण कारण ठाऊक नसलेला पुरुष संकोचाने ते महिनोन्‌महिने लपवतो.

तुम्ही रिपोर्ट लपवला तो भीतीने, आणि तसेच त्यांना सांगा. ‘तुमचा रिपोर्ट बिघडला’ असे नको. ‘दादांची आठवण येऊन मी घाबरले, म्हणून तीन आठवडे बोलले नाही, आता माझ्याबरोबर चला’ असे म्हणा. मूत्रपिंडाच्या दृष्टीने या तीन आठवड्यांनी काही बिघडलेले नाही, या टप्प्यावर तिथली चाल वर्षांची असते. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या, आणि थोरल्या बंधूंचा आजारही डॉक्टरांना यजमानांच्याच तोंडून सांगू द्या. डोळ्यांचेही विचारा. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे. बाहुली मोठी करून किंवा पडद्याचे छायाचित्र घेऊन ती दरवर्षी व्हायला हवी, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही.

स्वयंपाकघरात एकच गोष्ट मनावर घ्या, ती म्हणजे मीठ. दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, एवढेच पुरे. आपल्याकडे पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायच्या, सामानात सुके बांगडे, खारवलेली तोरे (कच्चे आंबे) आणि लोणची भरून ठेवतात, आणि पावसाळ्यात पेजेबरोबर रोज त्यातले काहीतरी ताटात येते. यंदा बरण्या भरल्या असतील तर टाकू नका, पण रोजचे ते आठवड्यावर आणा. ताजी मासळी बंद करण्याचे कारण नाही. आणि मीठ कमी करायचे म्हणून बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, कारण त्यात पोटॅशियम असते आणि टेल्मिसार्टन घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढू शकते.

आज संध्याकाळी ते दुकानातून आले की त्यांना उजेडात बसवा, दोन्ही पाय नीट पाहा, टाच आणि बोटांच्या बेचक्याही पाहा. फोडाची जागा कशी आहे ते मला कळवा, पण कळवण्यासाठी डॉक्टरांकडे जाणे लांबवू नका.